कृत्रिम दांताचें मूळ आणि जंतूंची वस्ती

दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत, ही म्हण मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या ऐकूं येत आली आहे. तींतील चण्यांची अडचण पैशानें सुटते. दांतांची अडचण मात्र फार जुनी आणि फार बिकट आहे. पडलेल्या दांताच्या जागीं दिसण्यापुरता दुसरा दांत बसविणें मनुष्यास पूर्वींच साधलें होतें. परंतु दांताचा जो भाग दिसत नाहीं, जबड्याच्या हाडांत रुतलेलें जें मूळ, त्याची नक्कल करणें हें खरें कठीण काम होय. या नकली मुळाचा इतिहास म्हणजे हाड आणि जंतु यांच्यामध्यें एकाच जागेसाठीं चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे.

मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशांत १९३१ सालीं माया लोकांच्या काळांतील एक खालचा जबडा सापडला. तो सुमारें इ. स. ६०० मधील समजला जातो. त्यांत समोरच्या तीन दांतांच्या जागीं, दांताच्याच आकाराचे, शिंपल्याचे तुकडे बसविलेले होते. मृताच्या शोभेसाठीं ते बसविले असावेत, अशी प्रथम समजूत झाली. पण १९७० सालीं ब्राझीलमधील अमादेओ बॉबियो यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें त्या जबड्याची तपासणी केली, तेव्हां दोन तुकड्यांभोंवतीं घट्ट हाड तयार झाल्याचें दिसून आलें. हाड वाढतें तें देहांत प्राण असतांनाच. अर्थात् ही शस्त्रक्रिया जिवंत माणसावर झाली होती आणि हाडानें त्या परक्या पदार्थाचा स्वीकार केला होता.

झगड्यांतील दुसरा पक्ष प्रथम दृष्टीस पडला तो हॉलंडांतील डेल्फ्ट गांवीं. अँटनी व्हॅन लीवेनहूक हा कापडाचा व्यापारी. स्वतः घांसलेल्या भिंगांतून त्यानें आपल्या दांतांवरील पांढरें कीटण पाहिलें आणि त्यांत वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव आढळल्याचें १६८३ च्या सप्टेंबरांत लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. शिरक्यानें चूळ भरल्यास कीटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरतात, पण आंतले तसेच राहतात, हेंहि त्याच्या ध्यानीं आलें. जंतु सुटे असले तर दुबळे. एकत्र येऊन पृष्ठभागास चिकटून बसले म्हणजे त्यांची वस्ती म्हणजे एक किल्लाच होतो. हें तत्त्व पुढील शास्त्रज्ञांस फार उपयोगी पडलें.

कृत्रिम मुळाचे आधुनिक प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झाले. १८०९ सालीं माज्जोलो यानें सोन्याचें मूळ बसवून पाहिलें. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं अमेरिकेंत ग्रीनफील्ड यानें इरिडियम व प्लॅटिनम यांच्या तारांचा लहानसा पिंजरा हाडांत बसविला, तर १९३८ च्या सुमारास बोस्टन येथें स्ट्रॉक बंधूंनीं कोबाल्टच्या मिश्रधातूचे स्क्रू वापरले. यांपैकीं कांहीं प्रयत्न वर्षेंच्या वर्षें टिकले, परंतु यशाची खात्री अशी नव्हती. पुष्कळदां धातु आणि हाड यांच्यामध्यें मऊ तंतूंचा पडदा तयार होई, मूळ हलूं लागे आणि त्या फटींतून जंतूंचा शिरकाव होई.

हें चित्र पालटलें तें एका अनपेक्षित घटनेमुळें. स्वीडनमधील लुंड येथें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडांतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठीं टायटॅनियम धातूची एक लहानशी दुर्बिणवजा कुपी त्यांनीं हाडांत बसविली होती. काम संपल्यावर ती काढूं लागतां निघेना. हाड तिच्याशीं एकजीव झालें होतें. हवेच्या स्पर्शानें या धातूवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर बसतो आणि तो थरच शरीरास निरुपद्रवी ठरतो. १९६५ सालीं ब्रोनेमार्क यांनीं पहिल्या रुग्णाच्या जबड्यांत टायटॅनियमचीं मुळें बसविलीं. तीं त्या गृहस्थास २००६ सालीं मृत्यु येईपर्यंत उपयोगी पडलीं. १९८२ सालीं टोरांटो येथील परिषदेनंतर ही पद्धति जगभर मान्य झाली.

ब्रोनेमार्क यांचे स्क्रू लेथवर कातलेले, म्हणून बरेच गुळगुळीत असत. हाड धरण्यास त्यांना कित्येक महिने लागत. हाडास पकड मिळावी म्हणून पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत करावा, असा विचार स्वित्झर्लंडमधील बर्न येथें आंद्रे श्रोडर आणि त्यांचे सहकारी यांनीं पुढें आणला. वितळलेल्या टायटॅनियमचा फवारा मारणें, वाळूसारख्या कणांचा मारा करणें, नंतर आम्लांत बुडविणें, असे नाना उपाय झाले. १९९१ सालीं डॅनियल बूझर आणि सहकाऱ्यांनीं लहान जातीच्या डुकरांवर सहा प्रकारच्या पृष्ठभागांची तुलना प्रसिद्ध केली. विद्युत्प्रवाहानें चकचकीत केलेल्या धातूस हाडाचा प्रत्यक्ष स्पर्श सरासरीनें शेंकडा २० ते २५ इतकाच होता. मोठ्या कणांचा मारा करून आम्लानें खाववलेल्या धातूस तो शेंकडा ५० ते ६० होता. या शोधाचा लाभ रुग्णांस झाला. जेथें तीन महिने थांबावें लागे, तेथें पुढें पुष्कळांना सहा आठवड्यांनीं चावतां येऊं लागलें.

परंतु हाडास जें आवडतें तें जंतूंसहि आवडतें, हा अनुभव लवकरच आला. जंतूची लांबीरुंदी साधारणपणें एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खरबरीत धातूवरील खांचा याच मापाच्या असतात. लाळेंतील प्रथिनांचा पातळ लेप कोणत्याहि पृष्ठभागावर कांहीं मिनिटांतच बसतो. त्यावर साखळीसारखे वाढणारे जंतु प्रथम येतात, आणि त्यांच्या आश्रयानें हिरडीस अपाय करणारे पुढें येतात. गुळगुळीत जागेवरून जीभ, लाळ आणि ब्रश त्यांना हुसकावून लावतात. खांचेंतला जंतु मात्र निवांत वाढतो. बेल्जममधील लुवेन येथील मार्क क्विरिनेन यांनीं १९९३ सालीं दाखविलें कीं, हिरडीच्या आड असलेल्या खरबरीत धातूवर गुळगुळीत धातूच्या पंचवीसपट जंतु सांपडले. खरबरीतपणा ०.२ मायक्रॉनच्या खालीं नेल्यास मात्र जंतूंच्या संख्येंत आणखी घट होत नाहीं, असेंहि त्यांच्या पुढील प्रयोगांत आढळलें.

या वस्तीचा परिणाम काय होतो? बर्नमधील मोम्बेली आदि संशोधकांनीं १९८७ सालीं निकामी होत चाललेल्या मुळांभोंवतींचे जंतु तपासले. जुन्या हिरडीच्या रोगांत जे सांपडतात, त्यांच्याशीं त्यांचें बरेंच साम्य निघालें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या, कुत्र्यांवरील एका प्रयोगांत हिरडींत मुद्दाम दाह उत्पन्न करून नंतर त्याचें कारण काढून टाकण्यांत आलें. तरीहि हाडाची झीज कांहीं ठिकाणीं चालूच राहिली, आणि ती खरबरीत मुळांभोंवतीं अधिक होती. म्हणजे उघडा पडेपर्यंत जो पृष्ठभाग मित्र, तोच उघडा पडल्यावर वैरी! माणसांत मात्र निर्णय इतका सरळ लागत नाहीं. तोंडाची स्वच्छता, धूम्रपान आणि पूर्वींचा हिरडीचा रोग यांचाहि वांटा त्यांत मोठा असतो.

अस्थिशल्यतज्ज्ञ अँथनी ग्रिस्टिना यांनीं १९८७ सालींच या साऱ्या प्रकारास पृष्ठभागासाठीं लागलेली शर्यत असें रूप दिलें होतें. शरीराच्या पेशी आधीं पोहोंचल्या तर जागा त्यांची; जंतु आधीं पोहोंचले तर पेशींना पाय ठेवण्यास जागा उरत नाहीं. कारागिरांनीं यावर तडजोड काढली: हाडांतला भाग खरबरीत आणि हिरडींतून वर येणारा भाग गुळगुळीत. चांदीचे सूक्ष्म कण, औषधी लेप, अतिनील किरणांची प्रक्रिया असे उपायहि अभ्यासले गेले. रातकिड्याहून मोठा आवाज करणाऱ्या सिकाडा नांवाच्या कीटकाच्या पंखांवर अतिसूक्ष्म खुंटांची रांग असते आणि तिच्यावर बसलेले कांहीं जंतु फाटून मरतात, असें ऑस्ट्रेलियांत २०१२ सालीं दिसून आलें. त्याचें अनुकरण टायटॅनियमवर करण्याचे प्रयत्न तेव्हांपासून होत आले आहेत.

तथापि जंतूंचा अजिबात शिरकाव होऊं न देणारा पृष्ठभाग अद्याप कोणी घडविलेला नाहीं. नैसर्गिक दांताभोंवतीं हिरडीचे तंतु मुळांत घट्ट गुंतलेले असतात. धातूभोंवतीं ते तसे गुंतत नाहींत, म्हणून तेथील दाराचा पहारा जात्याच दुबळा असतो. हा पहारा प्रयोगशाळेंत पुरा होत नाहीं, तो रोज सकाळीं व रात्रीं घरोघरींच करावा लागतो. डेल्फ्टच्या व्यापाऱ्यानें शिरक्याच्या चुळीनें जें शिकविलें, तेंच तीनशें वर्षांनंतरहि खरें राहिलें आहे: किल्ला बांधला जाण्यापूर्वींच तो मोडणें सोपें, आणि त्यास ब्रश पुरतो, बांधल्यावर मात्र वैद्यासहि तो जड जातो.