शब्दवेध : कैवारी

योहानाच्या शुभवर्तमानात, निरोपाच्या रात्री, शिष्य हवालदिल असताना येशू त्यांना एका सोबत्याचे वचन देतो. मूळ ग्रीक शब्द ‘पाराक्लेतोस’, म्हणजे शेजारी बोलावलेला. आरोपीच्या बाजूने न्यायसभेत उभा राहणारा, हा त्याचा जुना अर्थ. ल्यूथरने जर्मनमध्ये ‘सांत्वन करणारा’ असा शब्द योजला; मराठी बायबलने ‘कैवारी’ घेतला. मला मराठीची निवड फार मोलाची वाटते. शोकात माणूस स्वतःलाच आरोपी करतो. वेळेवर डॉक्टरकडे का नेले नाही, शेवटचा फोन का उचलला नाही? तेव्हा समजूत घालणाऱ्यापेक्षा आपला कैवार घेणारा हवा असतो. प्रसूतीच्या वेदनेनंतरच्या आनंदाविषयीही येशू बोलतो, पण ते सोळाव्या अध्यायात. कैवारी मात्र त्याआधी, चौदाव्यातच येतो.