मॅट्रिक ते बारावी : घरातल्या परीक्षेचा इतिहास

दिवाळीची सुटी संपली, की ज्या घरात बारावीचा विद्यार्थी आहे त्या घराचा दिनक्रम बदलू लागतो. टीव्हीचा आवाज खाली येतो. लग्नकार्याला घरातले एकच माणूस जाऊन येते. 'यंदा बारावी आहे' एवढे सांगितले की समोरच्याला सारे समजते, अधिक खुलासा करावा लागत नाही. याच दिवसांत पालक आपल्याकडे शाळेत येतात. मुलगी रात्री जागते, मुलगा बोलत नाही, चाचणीत गुण घसरले, आम्ही आता काय करावे, असे विचारतात. आपण बहुधा अभ्यासाचे वेळापत्रक सुचवतो आणि धीर धरायला सांगतो.

पालकांचा हा प्रश्न आजचा नाही. महाराष्ट्रात तो दीडशे वर्षे घराघरांत विचारला जात आहे. त्याचा इतिहास थोडा उलगडून पाहिला, तर या परीक्षेत घराचे काम कोणते आणि कोणते नाही, हे बरेच स्पष्ट होते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही विद्यापीठांपुढे नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा. विद्यापीठात नाव दाखल होण्यापूर्वी द्यायची ती 'मॅट्रिक्युलेशन', म्हणजे प्रवेशपरीक्षा. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. सुमारे १३० मुले बसली आणि जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाली. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बी.ए. झालेल्या चौघांतही हे दोघे होते.

या पहिल्या परीक्षेचा हेतू मर्यादित होता. महाविद्यालयातली इंग्रजी व्याख्याने समजून घेण्याइतकी या मुलाची तयारी झाली आहे का, एवढेच तिला ठरवायचे होते. मुलाची हुशारी, त्याचे शील किंवा त्याचे भवितव्य मोजण्यासाठी ती काढलेली नव्हती. आपण प्रयोगशाळेत एखादे उपकरण वापरतो तेव्हा ते कशासाठी बनवले आहे हे आधी पाहतो. तापमापीने वजन मोजायला कोणी जात नाही. मॅट्रिकच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडले.

त्याचे कारण होते नोकरी. सरकारी कचेऱ्यांना इंग्रजी जाणणारे कारकून हवे होते, आणि उमेदवार निवडायचे सोपे साधन म्हणून मॅट्रिकचा दाखला हाताशी होता. पाहता पाहता विद्यापीठाचा दरवाजा हाच कचेरीचाही दरवाजा झाला. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाच्या हे लक्षात आले होते. माध्यमिक शिक्षणाच्या दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाकडे नेणारी आणि दुसरी व्यापार-उद्योगाची तयारी करून देणारी, अशी शिफारस त्याने केली. दुसऱ्या वाटेकडे फारसे कोणी वळले नाही. नोकरीचे दार पहिल्या वाटेवर असताना आईबाप मुलाला दुसरीकडे कशाला पाठवतील? त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. एका मॅट्रिक झालेल्या मुलावर अख्खे घर उभे राहत असे, आणि 'नॉन-मॅट्रिक' हा शब्द माणसाच्या नावामागे जन्मभर चिकटत असे. परीक्षेचा धाक घरात शिरला तो असा. आईबापांच्या स्वभावापेक्षा संधींच्या टंचाईने तो आत आणला.

त्या काळच्या बहुतेक घरांत पालकांना स्वतःला इंग्रजी येत नव्हते. मुलाचा अभ्यास घेणे, उत्तरे तपासणे, कोणता धडा महत्त्वाचा ते सांगणे यांतले काहीच त्यांना शक्य नव्हते. मग त्यांनी केले तरी काय?

गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण पाहू. १८७९ साली वडील वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये ते कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवत आणि उरलेल्या सातांत घर चालवत. १८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाले. आता त्यांनीही नोकरी धरावी, हा विचार स्वाभाविक होता. पण बंधूंनी पुढे शिकण्याचाच आग्रह धरला आणि वहिनींनी त्यासाठी आपले दागिने पुढे केले. घराने पेलला तो खर्चाचा भार. अभ्यास गोपाळनेच केला.

दुसरे उदाहरण मुंबईतल्या परळच्या चाळीतले आहे. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ आपल्या कुटुंबासह एका खोलीत राहत होते. स्वयंपाक, सामानसुमान, झोपणे, अभ्यास सारे त्याच खोलीत. धाकटा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता. त्याला संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. मिळकत म्हणजे वडिलांचे निवृत्तिवेतन. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले तर रामजी विवाहित मुलींकडून उसने आणत, वेळेला त्यांचा दागिना गहाण ठेवत.

जागेची अडचण त्यांनी कशी सोडवली, ते चरित्रकारांनी नोंदवले आहे. भीमराव लवकर झोपत असे आणि रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजता ते मुलाला उठवत आणि मग स्वतः झोपत. खोली निजलेली असे, आणि काच नसलेल्या मिणमिणत्या दिव्याशी मुलगा वाचत बसे. हे वेळापत्रक आपल्या विद्यार्थ्यांनी गिरवावे असे कोणी म्हणणार नाही. ते जागेच्या टंचाईतून आले होते. मात्र त्यातला एक भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुलाच्या अभ्यासासाठी रामजींनी बदलली ती स्वतःची झोप. मुलाची झोप त्यांनी आधी पुरी होऊ दिली.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५०पैकी २८२, म्हणजे शेकडा साडेसदतीसच्या आसपास. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही त्या काळी दुर्मिळ गोष्ट होती. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाचे डी.एस्सी. झाले.

या गोष्टीवरून 'गुणांना काही अर्थ नसतो' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण मॅट्रिक झाले नसते तर पुढचे दार उघडले नसते. पण २८२ हा आकडा त्या मुलाची कुवत सांगत होता का? नाही. फार तर तो एवढेच सांगत होता, की या परिस्थितीत, या विषयांत, या मुलाने उंबरठा ओलांडला. रामजींच्या घराने आणि केळुसकर गुरुजींनी त्या आकड्याला तेवढ्याच जागी ठेवले.

आता आकड्याकडेच जरा शास्त्रीय नजरेने पाहू या. कोणत्याही मोजमापात त्रुटी असते, तशी गुणांतही असते. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ साली परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध लिहिला आणि परीक्षेच्या गुणांना मापनातील त्रुटींचा सिद्धांत लावून दाखवला. १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमितीत तरी मतभेदाला जागा नसावी, असे आपल्याला वाटते. पण त्या एका उत्तरपत्रिकेला २८पासून ९२पर्यंत गुण पडले.

याहून बोलका प्रयोग इंग्लंडमधला आहे. तो करणारे सर फिलिप हार्टोग आपल्याकडच्या शिक्षणाच्या इतिहासात परिचित आहेत. कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे ते सदस्य होते आणि नंतर ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांनी आणि ऱ्होड्स यांनी १९३५ साली परीक्षांचीच परीक्षा घेतली. शालान्त परीक्षेतल्या, मुळात सारखेच मध्यम गुण मिळालेल्या, इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका अनुभवी परीक्षकांना तपासायला दिल्या. वर्षभराहून अधिक काळ लोटल्यावर त्याच उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतल्या. असे २१० निर्णय झाले. त्यांपैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाने त्याच उत्तरपत्रिकेवर आधीपेक्षा वेगळा निर्णय दिला.

आज आदर्श उत्तरे, नियामक आणि पुनर्मूल्यांकन अशा सोयी आहेत, त्यामुळे त्रुटी कमी झाली आहे. ती शून्य मात्र झालेली नाही आणि होणारही नाही. प्रवेशासाठी कोठे तरी रेघ मारावी लागते, म्हणून मारतात. रेघेच्या अलीकडे अर्ध्या टक्क्यावर राहिलेला विद्यार्थी आणि पलीकडचा विद्यार्थी यांच्या ज्ञानात तेवढा फरक आहे, असे विज्ञान सांगत नाही. ही गोष्ट पालकांना समजावून सांगणारी व्यक्ती शिक्षकच असू शकते, कारण गुण कसे दिले जातात हे आपण रोज पाहतो.

हा दरवाजा नंतर अनेकदा हलवला गेला. विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन मुंबई राज्यात १९४९ साली पहिली एस.एस.सी. परीक्षा झाली. १९६५च्या कायद्यानुसार स्थापन झालेले राज्य मंडळ १ जानेवारी १९६६पासून काम करू लागले. कोठारी आयोगाने सुचवलेला दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला. त्याप्रमाणे दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली झाली. मॅट्रिकचा धाक अकरावीवरून अर्धा दहावीवर आणि अर्धा बारावीवर गेला. आता वैद्यकीय प्रवेश 'नीट'वर आणि अभियांत्रिकीचे 'सीईटी'वर ठरू लागल्याने तो आणखी एका परीक्षेत वाटला गेला आहे. १८५९ साली सव्वाशे-दीडशे मुले होती. अलीकडच्या वर्षांत राज्यात सुमारे पंधरा लाख विद्यार्थी बारावीला बसतात. परीक्षेची नावे बदलली, विषय बदलले, दाराशी उभे राहणाऱ्यांची संख्या बदलली. घरातली भाषा मात्र अजून मॅट्रिकच्या काळातलीच आहे : एकच दार, एकच संधी.

एक बदल मात्र झाला आहे. आजचे अनेक पालक स्वतः शिकलेले आहेत. रामजींच्या काळी पालक अभ्यासात हात घालू शकत नव्हते, आजचे घालू शकतात आणि घालतात. वेळापत्रक तेच आखतात, सराव-उत्तरपत्रिका तेच तपासतात, शेजारच्या मुलाचे गुणही तेच मोजतात. जुन्या पिढीला नाइलाजाने जमलेली गोष्ट, म्हणजे भार आपण उचलावा आणि अभ्यास मुलावर सोपवावा, ही आता जाणीवपूर्वक करावी लागते.

मानसशास्त्रातले प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतात. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन यांना उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले, की काम अवघड असेल तर धाक एका मर्यादेपलीकडे नेल्यावर शिकणे मंदावते. जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ साली दाखवले, की पाठ केलेले झोपेनंतर जास्त लक्षात राहते आणि तितकाच वेळ जागे राहिल्यास अधिक विसरले जाते. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगांत तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवले. किशोरवयात झोपेची वेळ निसर्गतःच उशिरा सरकते, हेही आता माहीत झाले आहे. म्हणून पहाटे चारला उठवणे प्रत्येक मुलाला मानवेलच असे नाही.

पालकसभेत सांगावे ते एवढेच. वेळेवर साधे जेवण, पुरेशी झोप, बसायला एक कोपरा आणि तो कोपरा शांत राहील याची काळजी, हे घराचे काम. मुलगी 'ऐकता का' म्हणाली तर पुस्तक हातात घेऊन तिने आठवलेले ऐकणे, हेही घराचे काम, आणि त्याला विषय येण्याची गरज नाही. चहाच्या वेळी गुणांखेरीज दुसऱ्या विषयावर बोलणे हेही त्यात आले. निकालाच्या दिवशी काय बोलायचे ते आईवडिलांनी परीक्षेआधीच ठरवून ठेवावे आणि मुलाला सांगूनही टाकावे. निकाल कसाही लागला तरी संध्याकाळी आपण सगळे एकत्र जेवणार आहोत, हे वाक्य फेब्रुवारीतच बोलून ठेवले तर निकालाच्या वेळी उपयोगी पडते. निकालाच्या भीतीने मुले घर सोडतात, जिवाचे बरेवाईट करून घेतात, हे आपण दरवर्षी वाचतो. मूल फार गप्प झाले, जेवेनासे झाले किंवा जगण्याला कंटाळल्यासारखे बोलू लागले, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्यावे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

आणि दार एकच नाही, हेही सांगावे. पूर्वी नापास झालेला विद्यार्थी ऑक्टोबरला बसत असे. आता पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच होते. पदविका आहेत, व्यवसाय अभ्यासक्रम आहेत, मुक्त विद्यापीठ आहे. हंटर आयोगाला जी दुसरी वाट हवी होती ती आज पुष्कळ रुंद झाली आहे. तिच्याकडे कमीपणाने पाहण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही, आणि ती घालवण्याचे काम आपल्या वर्गातूनच सुरू होऊ शकते.

मॅट्रिकची परीक्षा माणसांनी एका मर्यादित कामासाठी बनवली होती आणि माणसांनीच तिच्यावर बाकीचा भार चढवला. तो भार उतरवायला वेळ लागेल. तोवर मुलाच्या खांद्यावरचा थोडा भार घराने आपल्या खांद्यावर घ्यावा आणि दिवा तेवत ठेवावा. परीक्षा मुलाची आहे, ती त्याला देऊ द्यावी.