राजदूत कुठं घडवायचे? त्रिनिदादमधल्या एका संस्थेची गोष्ट

आंतरराष्ट्रीय संबंध किंवा राजनय या विषयात परदेशी पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं ठरवलंत, की प्रवेशाच्या आधीच तुमच्या हातात एक वाचनयादी येते. बहुतेक याद्यांची सुरुवात १६४८ च्या वेस्टफालियापासून होते. मग १८१५ ची व्हिएन्ना परिषद, १९१९ चा व्हर्साय, मग शीतयुद्ध. यादी वाईट नसते. पण ती वाचताना एक प्रश्न डोक्यात आला पाहिजे: हा अभ्यासक्रम ज्यांनी बांधला, त्यांच्या डोळ्यासमोर विद्यार्थी कोण होता? तो तुमच्यासारखा होता का?

हा प्रश्न नुसता तक्रारीचा नाही, त्याला इतिहास आहे. आज मी त्या इतिहासातला एकच तुकडा घेणार आहे. तो फारसा शिकवला जात नाही, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्याला त्यातून बरंच काही मिळतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सभासद देश होते ५१. एकट्या १९६० साली १७ नवे देश आत आले आणि आकडा ९९ वर गेला. त्यांतले १६ आफ्रिकेतले, सतरावा सायप्रस. आता विचार करा. देश स्वतंत्र झाला की झेंडा एका रात्रीत चढतो, पण परराष्ट्र खातं एका रात्रीत उभं राहत नाही. पोलीस, महसूल, शाळा, रेल्वे हे सगळं वसाहतीच्या काळातही स्थानिक माणसांच्या हातून चालत होतं. परराष्ट्र व्यवहार मात्र लंडन किंवा पॅरिसहून चालायचा. त्यामुळे नेमका हाच विभाग शून्यापासून बांधावा लागला. त्यातच १९६१ च्या मार्च-एप्रिलमध्ये व्हिएन्नात ८१ देश बसून राजनयिक संबंधांचा करार ठरवत होते. दूतावासाची जागा कुणाची, दूताला अटक करता येते का, त्याच्या टपालाची पिशवी उघडता येते का, असे सगळे नियम. नवे देश नियम शिकत होते आणि त्याच वेळी ते लिहितही होते.

मग माणसं तयार कुठं करायची? आपल्याकडे दिल्लीत १९५५ मध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं, अप्पादोराय त्याचे पहिले संचालक. १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालं. पण भारत मोठा देश. दहा-बारा लाखांच्या बेटानं काय करायचं?

इथं जिनिव्हा येतं. तिथली ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही १९२७ ची. विल्यम रापार आणि पॉल मांतू या दोघांनी ती स्थापली. मांतू हा माणूस मला फार आवडतो. तो इतिहासकार होता, पण १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत चार बड्या नेत्यांच्या बंद खोलीतल्या बैठकांना तो दुभाषा म्हणून बसला होता. म्हणजे राजनय शिकवणाऱ्या एका जुन्या संस्थेचा एक जनक दुसऱ्यांचे शब्द पोचवणारा माणूस होता. पुढं तीसच्या दशकात नाझींपासून निसटलेले हान्स केल्सन, लुडविग फॉन मिझेस यांच्यासारखे लोक तिथं शिकवायला आले. संस्था पक्की युरोपीय, पण देशोधडीला लागलेल्यांनी गजबजलेली.

स्वित्झर्लंडची स्थिती गमतीशीर होती. संयुक्त राष्ट्रांचं युरोपातलं मुख्य कार्यालय जिनिव्हात, पण तो देश स्वतः २००२ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचा सभासद नव्हता. वसाहतीही नव्हत्या. त्यामुळे नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांना ब्रिटन किंवा फ्रान्सकडून शिकण्यात जी बोच होती, ती इथं जरा कमी. ‘जरा’ हा शब्द मी मुद्दाम घालतोय. वसाहती नाहीत म्हणून दृष्टिकोन आपोआप निर्मळ होतो, असं काही नसतं.

आता त्रिनिदाद. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश वसाहतींनी १९५८ मध्ये मिळून एक संघराज्य केलं होतं. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये जमैकानं सार्वमत घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. दहा घटकांतला एक गेला तर उरतं शून्य, अशा अर्थाचा एरिक विल्यम्स यांचा हिशेब तिकडं अजून सांगितला जातो. १९६२ च्या मे महिन्यात संघराज्य मोडलं, ऑगस्टमध्ये जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो वेगवेगळे स्वतंत्र झाले. त्रिनिदादचे पंतप्रधान झालेले हे विल्यम्स मुळात इतिहासकार, ऑक्सफर्डचे डॉक्टरेट. गुलामगिरी आणि ब्रिटिश भांडवलशाही यांच्या संबंधावरचा त्यांचा १९४४ चा ग्रंथ आजही वादात असतो, यातच त्याचं वजन कळतं.

१९६६ मध्ये त्रिनिदाद सरकार आणि स्विस सरकार यांच्या सहकार्यानं, जिनिव्हाच्या संस्थेच्या मदतीनं, सेंट ऑगस्टीन इथल्या विद्यापीठाच्या आवारात इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स सुरू झाली. पदवी घेतलेल्या तरुणांना इथं राजनयाचं पदव्युत्तर शिक्षण मिळणार होतं. विद्यार्थी एका देशाचे नव्हते, कॅरिबियन बेटाबेटांतून येणार होते. त्याच वर्षी गयाना आणि बार्बाडोस स्वतंत्र झाले, म्हणजे गरज डोळ्यासमोर वाढत होती. संचालक म्हणून आला रॉय प्रायस्वर्क नावाचा तरुण स्विस अभ्यासक.

आता इथं थांबा आणि स्वतःला त्या वर्गात बसवा. तुम्ही पोर्ट ऑफ स्पेनच्या परराष्ट्र खात्यात नोकरीला लागणार आहात. तुमच्या देशापुढचा प्रश्न काय? तो पोलंडची सीमा नाही. तो आहे साखर. १९५१ च्या राष्ट्रकुल साखर करारामुळे ब्रिटन तुमची साखर ठरलेल्या भावानं घेतो. पण १९६१ मध्ये ब्रिटननं युरोपीय आर्थिक समुदायात जायचा अर्ज केला. १९६३ मध्ये द गॉलनं तो अडवला, १९६७ मध्ये ब्रिटननं पुन्हा केला. तो कधीतरी मंजूर होणार, आणि झाला की तुमच्या साखरेचं काय? या प्रश्नावर बेटावरच्या हजारो घरांची चूल अवलंबून होती. त्याचं उत्तर शोधायला मेटर्निक फारसा उपयोगी पडत नाही. शेजारच्या बेटांशी आपले आधीचे करार काय होते, कोण काय बोललं होतं, हे आधी कळावं लागतं.

म्हणून मला या संस्थेच्या सुरुवातीच्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठलं व्याख्यान वाटत नाही. ती आहे १९७० मध्ये प्रायस्वर्कच्या संपादनाखाली निघालेला एक जाडजूड संग्रह: कॅरिबियनच्या आंतरराष्ट्रीय संबंधांचे दस्तऐवज. दिसायला कंटाळवाणं काम. करार, ठराव, जाहीरनामे एका जागी आणायचे, बस्स. पण बघा, व्हर्सायच्या तहाचा मजकूर जगातल्या कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात मिळत होता. स्वतःच्या प्रदेशाचा व्यवहार मात्र विखुरलेला होता. जोवर कागद एकत्र नाहीत तोवर त्या प्रदेशाचा ‘विषय’ होत नाही, आणि विषय नाही तर प्रबंध नाही. तुमच्यापैकी ज्यांना वाटतं की संशोधन म्हणजे सिद्धान्त लावणं, त्यांनी हा संग्रह एकदा ग्रंथालयात हातात घेऊन बघावा.

प्रायस्वर्कची गोष्ट तिथं संपत नाही. स्वित्झर्लंडला परतल्यावर त्यानं दोमिनिक पेरो हिच्यासोबत १९७५ मध्ये एक फ्रेंच पुस्तक काढलं. विषय असा: पाश्चात्त्य देशांतल्या इतिहासाच्या शालेय पुस्तकांत आफ्रिका, आशिया आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी कसे रंगवले जातात. स्वतःच्या संस्कृतीला मोजपट्टी मानून बाकीच्यांना मापण्याची सवय त्यानं पानोपानी उघडी केली. शिकवायला गेलेला माणूस परत येऊन आपल्याच पाठ्यपुस्तकांची झडती घेतो! त्रिनिदादच्या वर्गानं त्याला बदललं असेल का? मला तसं वाटतं. पण हे माझं वाटणं आहे. आधी हे झालं, नंतर ते झालं, एवढ्यावरून पहिल्यामुळे दुसरं झालं हे सिद्ध होत नाही. प्रबंधात तुम्ही असं वाक्य लिहिलंत तर मार्गदर्शक लाल पेन काढणारच, आणि काढावाच.

याच प्रकारची दुसरी, जास्त मोहात पाडणारी चूक सांगतो. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेला. १९७५ च्या लोमे करारात आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधले ४६ देश एकत्र वाटाघाटी करून साखरेची वेगळी तरतूद मिळवून बसले. कॅरिबियनचे वाटाघाटीकार त्यात आघाडीवर होते. पुढं १९८२ मध्ये समुद्रविषयक कायद्याचा जागतिक करार सह्यांसाठी खुला झाला तो जमैकातल्या माँटेगो बे इथं. आता हात शिवशिवतात ना लिहायला, ‘सेंट ऑगस्टीनच्या संस्थेमुळे हे घडलं’? लिहू नका. लोमेच्या वाटाघाटीतली दोन मोठी नावं म्हणजे गयानाचे श्रीदाथ रामफल आणि जमैकाचे पी. जे. पॅटरसन. दोघांचंही कायद्याचं शिक्षण लंडनमध्ये झालं होतं. साम्राज्याच्या राजधानीत शिकलेल्यांनीच त्या राजधानीच्या नव्या भागीदारांशी घासाघीस केली. संस्थेचा वाटा शोधायचाच असेल तर तो वाटाघाटीच्या टेबलावर पहिल्या खुर्चीत सापडणार नाही. मागच्या रांगेत, टिपणं लिहिणाऱ्यांत शोधावा लागेल. आणि ती नावं छापील पुस्तकांत फार कमी येतात.

अजून एक धागा आहे, तो सोडला तर ही गोष्ट फार गुळगुळीत होईल. १९६८ मध्ये माँट्रियलच्या सर जॉर्ज विल्यम्स विद्यापीठात शिकणाऱ्या सहा वेस्ट इंडियन विद्यार्थ्यांनी तक्रार केली, की एक अध्यापक गुण देताना वर्णभेद करतो. तक्रारीची दखल नीट घेतली गेली नाही असं त्यांचं म्हणणं होतं. १९६९ च्या जानेवारी अखेरीस विद्यार्थ्यांनी तिथल्या संगणक केंद्राचा ताबा घेतला. फेब्रुवारीत पोलीस आले, आग लागली, नव्वदहून अधिक जणांना अटक झाली. हे ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी’च होते, परदेशात पदवी घ्यायला गेलेले. वर्षभरानं, २६ फेब्रुवारी १९७० ला, त्यांच्या पाठिंब्यासाठी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मोर्चा निघाला. तो कॅनडाच्या उच्चायुक्तालयावर गेला, कॅनडाच्या बँकेवर गेला. त्यात सेंट ऑगस्टीनचे विद्यार्थी पुढं होते. बघता बघता त्याचं मोठं आंदोलन झालं, आणि एप्रिलमध्ये विल्यम्स सरकारनं आणीबाणी लावली.

म्हणजे एकाच आवारात उच्चायुक्ताशी कसं वागावं हे शिकवलं जात होतं, आणि त्याच आवारातली मुलं उच्चायुक्ताच्या दारात घोषणा देत होती. परदेशी वर्गात आपल्या माणसाला कसं वागवलं जातं, हा प्रश्न दोन देशांमधल्या संबंधाचा प्रश्न झाला होता. राजनयाच्या अभ्यासक्रमात तो तेव्हा बसला का? बसायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिनिव्हाचा हा प्रयोग त्रिनिदादवर थांबला नाही. कॅमेरूनमध्ये याउंदे इथं १९७१ मध्ये, केनियात नैरोबीला १९७३ मध्ये आणि माल्टात १९९० मध्ये अशाच स्वरूपाचं शिक्षण सुरू झालं. प्रत्येकाची घडण वेगळी. याउंदेत फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांचा प्रश्न, माल्टात भूमध्य समुद्राभोवतालच्या एकमेकांशी न बोलणाऱ्या देशांतली मुलं एका बाकावर. यातला प्रत्येक एक प्रबंध आहे. चारही एकाच प्रबंधात कोंबायचा विचार करत असाल तर कृपया करू नका.

विषय घ्यायचाच असेल तर कागद कुठं बघायचे? स्विस बाजूसाठी ‘डोडिस’ हा स्विस राजनयिक दस्तऐवजांचा संग्रह इंटरनेटवर खुला आहे. कामचलाऊ फ्रेंच लागेल, जर्मन आलं तर उत्तम. पण लक्षात ठेवा, ते पैसे देणाऱ्याचे कागद आहेत. देणाऱ्याच्या फायलीत घेणारा नेहमी ‘गरजू’ दिसतो, त्याची गरज देणाऱ्याच्या भाषेत लिहिलेली असते. संस्थेची माहितीपत्रकं वाचाल तर तिथं सगळंच सुरळीत चाललेलं दिसेल. या दोन्हींमध्ये वर्गात बसलेला विद्यार्थी नाही. कुठलं वाचन त्याला परकं वाटलं, कुठं त्यानं हात वर केला, घरी पत्रात काय लिहिलं, हे त्यालाच विचारावं लागेल. १९६६ साली जे पदवी घेऊन तिथं बसले होते, त्यांनी आज ऐंशी ओलांडली असणार. मुलाखतींचा विचार असेल तर प्रस्ताव मंजूर होईपर्यंत थांबू नका, पत्रं आताच पाठवायला लागा.