रेल्वेचा चालक कोण होणार, हे ठरवणारी चाचणी कोण बनवतं? औद्योगिक मानसशास्त्रज्ञांचं काम नेमकं काय असतं?

रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं असेल, तर गणित, विज्ञान आणि सामान्य ज्ञानाच्या परीक्षा पास होऊन भागत नाही. संगणकावरच्या दोन परीक्षांनंतर निवडक उमेदवारांना आणखी एका चाचणीला बसावं लागतं. तिचं नाव कॉम्प्युटर बेस्ड ॲप्टिट्यूड टेस्ट, म्हणजेच सीबीएटी.

या चाचणीत इतिहासातल्या सनावळ्या किंवा गणिताची सूत्रं विचारत नाहीत. स्मरणशक्ती, सूचना पाळण्याची क्षमता, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेचा वेग तपासला जातो. प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर लागतो. आरक्षित प्रवर्गांनाही त्यात सूट नाही. एका भागात कमी पडलात, तर आधीच्या परीक्षेतले गुण कितीही चांगले असोत, गाडी तिथेच थांबते.

वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाला साहजिकच प्रश्न पडतो की, स्क्रीनवरचे आकार ओळखण्याचा आणि इंजिन चालवण्याचा संबंध काय? हा संबंध खरोखर आहे का, हे तपासणं ज्यांचं काम आहे त्यांना औद्योगिक-संघटनात्मक मानसशास्त्रज्ञ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'आय-ओ सायकॉलॉजिस्ट' असंही म्हटलं जातं.

हे एचआरचंच काम नाही का?

नाही, पण दोघांचा संबंध रोजचा असतो.

भरती, पगार, रजा, कायदे, शिस्त असा कंपनीचा रोजचा कारभार एचआर विभाग चालवतो. घेतलेली माणसं खरंच चांगलं काम करताहेत का, प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, लोक नोकरी का सोडताहेत, हे मानसशास्त्रज्ञ आकडेवारी आणि संशोधनाच्या पद्धतीने शोधतात.

समुपदेशक किंवा क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ एका व्यक्तीच्या त्रासावर उपचार करतात. औद्योगिक मानसशास्त्रज्ञ उपचार करत नाहीत. एकाच विभागातले दहा जण त्रासलेले असतील, तर त्या विभागातल्या कामाची रचना कुठे चुकली आहे, हे ते पाहतात.

थोडक्यात सांगायचं तर 'औद्योगिक' आणि 'संघटनात्मक' ही नावं दोन बाजूंची आहेत. 'औद्योगिक' बाजूत निवड, चाचण्या, प्रशिक्षण आणि कामाचं मूल्यमापन येतं. 'संघटनात्मक' बाजूत नेतृत्व, गटातले संबंध, ताण, समाधान आणि कंपनीतले बदल येतात.

सुरुवात झाली ट्रामपासून

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेवरच्या ट्रामचे अपघात हा मोठा प्रश्न होता. हार्वर्ड विद्यापीठात शिकवणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी बोस्टनच्या ट्रामचालकांचा अभ्यास केला. रस्त्यावरचे पादचारी, घोडागाड्या आणि मोटारी यातलं नेमकं कोण रुळांवर येईल, याचा सतत अंदाज बांधणं हे चालकाचं खरं कौशल्य आहे, असं त्यांना दिसलं.

मग त्यांनी आकडे आणि अक्षरं असलेल्या कार्डांची चाचणी तयार केली. त्यातला प्रत्येक आकडा रस्त्यावरच्या एखाद्या हलत्या गोष्टीच्या जागी होता. पुढची पायरी जास्त महत्त्वाची होती. ही चाचणी त्यांनी आधीपासून नोकरीत असलेल्या चालकांना दिली. ज्यांच्या हातून अपघात होत नाहीत ते चाचणीत पुढे आहेत आणि ज्यांची नोंद वाईट आहे ते मागे आहेत का, हे त्यांनी पडताळून पाहिलं. 'सायकॉलॉजी अँड इंडस्ट्रियल एफिशियन्सी' हे त्यांचं पुस्तक १९१३ मध्ये इंग्रजीत आलं. या शाखेच्या सुरुवातीच्या पुस्तकांमध्ये त्याची गणना होते.

चाचणीतले गुण आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ बसतो का, याला मानसशास्त्रात 'सप्रमाणता' म्हणतात. सगळा व्यवसाय या एका शब्दावर उभा आहे. मेळ बसत नसेल, तर चाचणी कितीही आकर्षक असली तरी ती फक्त लॉटरी असते.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने 'आर्मी अल्फा' आणि 'आर्मी बीटा' या चाचण्या लाखो सैनिकांना दिल्या. 'बीटा' ही लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी होती. त्यानंतर कारखान्यांनाही चाचण्यांमध्ये रस वाटू लागला. १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग गाजले. कामगारांकडे कोणी लक्ष देतं आहे, एवढ्यानेही उत्पादन वाढतं, हा निष्कर्ष तिथून जगभर पसरला. पुढे मूळ आकडे पुन्हा तपासल्यावर हा परिणाम सांगितला जातो तितका ठळक नव्हता, असं संशोधकांनी दाखवलं. आपल्याच गाजलेल्या गोष्टीची उलटतपासणी करणं, हाही या शास्त्राचा भाग आहे.

अहमदाबादच्या गिरणीत काय घडलं?

या शाखेतला एक महत्त्वाचा प्रयोग भारतात झाला, हे फार जणांना माहीत नसतं.

अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले गेले, पण अपेक्षेप्रमाणे उत्पादन वाढेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. विभागात २२४ माग होते, २९ कामगार होते आणि त्यांची कामं १२ प्रकारांत विभागलेली होती. कोणी फक्त तुटलेला धागा जोडायचा, कोणी फक्त तेल द्यायचा, कोणी फक्त साफसफाई करायचा. प्रत्येक जण इतर अनेकांवर अवलंबून होता, पण ठराविक मागांची जबाबदारी कोणत्याही एका गटावर नव्हती.

यंत्र बदललं होतं, पण त्याच्याभोवतीची माणसांची रचना कोणी जुळवून घेतली नव्हती. राइस यांनी लहान गट करावेत आणि प्रत्येक गटाने ठराविक मागांची पूर्ण जबाबदारी घ्यावी, अशी कल्पना मांडली. कामगारांनी ती उचलून धरली आणि गट स्वतःच तयार केले. सुरुवातीला चढउतार झाले, पण पुढे उत्पादन वाढलं आणि खराब कापडाचं प्रमाण घटलं.

१९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा पाहणीला आले, तेव्हा काही ठिकाणी गटपद्धत टिकून होती आणि काही ठिकाणी जुनी पद्धत परत आली होती. चांगली रचना एकदा बसवली की कायम राहते, असं नाही.

त्याच काळात अहमदाबादच्या कापड उद्योगाच्या 'अटिरा' या संशोधन संस्थेत कमला चौधरी मानसशास्त्र विभाग सांभाळत होत्या. पुढे आयआयएम अहमदाबादच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

आज हे काम प्रत्यक्षात कसं चालतं?

समजा, चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. नवीन घेतलेली मुलं दोन-तीन महिन्यांत काम सोडून जातात. व्यवस्थापनाचं मत ठरलेलं असतं: "आजकालच्या पोरांना कष्ट नकोत."

मानसशास्त्रज्ञ या मतावर वाद घालत बसत नाहीत. ते आधी नोंदी मागवतात. सोडून गेलेली मुलं कोणत्या लाइनवर होती, कोणत्या शिफ्टला होती, कोणाच्या हाताखाली होती, कितव्या आठवड्यात गेली? मग ते शॉप फ्लोअरवर उभं राहून काम बघतात. मशिनवरच्या माणसाला दर मिनिटाला काय करावं लागतं, काय उचलावं लागतं, चूक कुठे होते, हे लिहून काढतात. याला 'कार्य-विश्लेषण' म्हणतात. पुढची बहुतेक कामं या नोंदींवर होतात.

समजा, त्यातून असं निघालं की, सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण एकाच लाइनवरचे आहेत. मुलाखतीत त्यांना 'मशिन ऑपरेटर' सांगितलं होतं आणि पहिले दोन महिने माल चढवायला लावलं. मग उपायही वेगळा निघतो. भरतीच्या वेळीच काम जसं आहे तसं दाखवायचं, पहिल्या महिन्यात एक जुना कामगार सोबत द्यायचा आणि आधी एकाच लाइनवर हे करून दुसऱ्या लाइनशी तुलना करायची. फरक पडला, तरच सगळीकडे लागू करायचं.

यात जादू काही नाही. कंटाळवाणं वाटेल इतकं मोजमाप आहे. म्हणून या क्षेत्रात संख्याशास्त्र टाळता येत नाही.

मुलाखतीत माणूस ओळखता येतो का?

"पाच मिनिटं बोललो की माणूस कळतो," असं म्हणणारे साहेब प्रत्येक ऑफिसात सापडतात. संशोधन मात्र त्यांच्या बाजूने नाही.

पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींवरच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा फेरआढावा घेतला. इथे ० म्हणजे निवडीचा आणि पुढच्या कामाचा काही संबंध नाही आणि १ म्हणजे तंतोतंत संबंध. गप्पांसारख्या सैल मुलाखतीचा आकडा ०.१९ निघाला. सगळ्यांना तेच प्रश्न आणि आधीच ठरलेल्या निकषांवर गुण, अशा मुलाखतीचा आकडा ०.४२ होता. सगळ्या पद्धतींमध्ये तीच वर राहिली.

साधी शिस्त पाळली की अंदाज सुधारतो, असं हे आकडे सांगतात. अगदी उत्तम पद्धतही १ च्या जवळपास जात नाही, हेही त्यातच दिसतं. त्यामुळे 'आमची टेस्ट शंभर टक्के अचूक आहे' असं कोणी म्हणालं, तर ते विज्ञान नसून विक्री आहे.

सोशल मीडियावर लोकप्रिय असलेली एमबीटीआय ही चार अक्षरांची व्यक्तिमत्त्व चाचणी याचं चांगलं उदाहरण आहे. अनेक जण ती अक्षरं बायोमध्ये लिहितात. उमेदवार निवडण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असं ती चालवणाऱ्या संस्थाच सांगतात. हस्ताक्षरावरून नोकरीतली कामगिरी ओळखण्याच्या दाव्यालाही संशोधनात आधार मिळालेला नाही.

ताण वाढला की योगाचा तास पुरतो का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या स्पष्ट करताना तो आजार नसून कामाच्या ठिकाणाशी जोडलेली अवस्था असल्याचं सांगितलं. मग उपायही कामाच्या ठिकाणीच शोधायला हवा.

अमेरिकी संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरलं जातं. कामाचा रेटा खूप आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, हा मेळ सर्वांत घातक असतो. कॉल सेंटरमधल्या माणसाला किती कॉल, किती सेकंद आणि कधी ब्रेक हे सगळं दुसरं कोणी ठरवत असेल, तर शुक्रवारच्या ध्यानधारणेने फारसा फरक पडत नाही. शिफ्ट, टार्गेट आणि ब्रेक यात काय बदलता येईल, हे कंपनीला सांगणं मानसशास्त्रज्ञाचं काम असतं. तेच सगळ्यात अवघडही असतं, कारण त्यासाठी खर्च येतो.

भारतात संधी कुठे आहेत?

संरक्षण क्षेत्र हे सर्वांत जुनं ठिकाण. डीआरडीओची डीआयपीआर ही संस्था सैन्यातल्या निवडीच्या चाचण्यांवर संशोधन करते. तिची मुळं १९४३ मध्ये डेहराडूनला सुरू झालेल्या निवड मंडळात आहेत. अधिकारी होण्यासाठी एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत दिलेल्या मुलांना चित्रावरून गोष्ट लिहिणं, शब्द वाचून पहिलं वाक्य लिहिणं हे प्रकार माहीत असतील. ते तपासणारे मानसशास्त्रज्ञच असतात.

रेल्वेमध्ये लखनौच्या आरडीएसओचा मनो-तांत्रिक विभाग आहे. त्याशिवाय सल्लागार कंपन्या, चाचण्या बनवणाऱ्या संस्था, आयटी कंपन्यांचे 'पीपल ॲनालिटिक्स' विभाग आणि अध्यापन इथे काम मिळतं. जाहिरातीत पदाचं नाव क्वचितच 'मानसशास्त्रज्ञ' असतं. टॅलेंट, असेसमेंट, लर्निंग, ओडी असे शब्द शोधावे लागतात.

शिक्षणाचा नेहमीचा रस्ता म्हणजे मानसशास्त्रात बीए आणि मग या विषयातलं एमए. मुंबई विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागासह काही ठिकाणी हे विशेषीकरण घेता येतं. संशोधनासाठी पीएचडी लागते.

'सर्वात वेगाने वाढणारं करिअर' अशा रील्सपासून मात्र सावध राहायला हवं. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने २०१२ ते २०२२ या काळासाठी या पेशात ५३ टक्के वाढीचा अंदाज दिला, तेव्हा अशाच बातम्या आल्या होत्या. २०१२ मध्ये त्यांच्या मोजणीनुसार तिथे अशी पदं सुमारे १,६०० होती. टक्का मोठा होता, पण नव्या जागा हजाराच्या आतच होत्या.

पैसे कंपनीचे, उत्तरं कर्मचाऱ्याची

भारतात क्लिनिकल मानसशास्त्रज्ञांना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कंपन्यांसाठी निवड चाचण्या बनवायला किंवा विकायला असा वेगळा परवाना लागत नाही. दोन दिवसांचं सर्टिफिकेट घेतलेला माणूसही 'सायकोमेट्रिक एक्स्पर्ट' म्हणून उभा राहू शकतो.

त्यात या कामातली मूळ अडचण मिसळते. फी कंपनी देते, पण मन मोकळं करतो तो कर्मचारी. 'तुमचं नाव गुप्त राहील' असं सांगून घेतलेल्या सर्व्हेत कोणीतरी साहेबाबद्दल कडवट लिहितो आणि साहेब विचारतो, "हे कोणी लिहिलं?" तिथे 'सांगता येणार नाही' असं उत्तर द्यावंच लागतं. म्हणून चांगल्या सर्व्हेत अगदी छोट्या गटाचा निकाल वेगळा दाखवत नाहीत, कारण चार जणांच्या टीममध्ये नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. माहिती कोणापर्यंत जाईल, हे आधीच सांगणं व्यावसायिक आचारसंहितेचा भाग आहे. हा शब्द एकदा मोडला, की पुढच्या सर्व्हेत सगळे 'सर्व काही छान आहे' असंच लिहितात.

त्यामुळे पुढच्या वेळी नोकरीसाठी चाचणी समोर आली, तर उमेदवाराने तीन प्रश्न जरूर विचारावेत. ही चाचणी याच कामासाठी तपासलेली आहे का? निकाल कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार? आणि फक्त या एका चाचणीवर निर्णय होणार आहे का?

चाचणी नीट बनवलेली असेल, तर या प्रश्नांची उत्तरं कंपनीकडे तयार असतात.