थायलंडबाहेरील जन्मनोंद आणि थाई राष्ट्रीयत्व

आई किंवा वडील थाई असलेल्या व परदेशात जन्मलेल्या मुलाची थायलंडच्या वकिलातीत किंवा वाणिज्य दूतावासात होणारी जन्मनोंदणी. या नोंदीवर मिळणाऱ्या थाई जन्मदाखल्याला ‘सूतिबत’ म्हणतात. राष्ट्रीयत्व जन्मानेच मिळते, दाखला ते सिद्ध करतो. पण दाखल्यावाचून त्या हक्काचा काडीचाही उपयोग होत नाही, म्हणून ही नोंद लांबणीवर टाकू नये.

हक्काचा पाया १९६५ चा राष्ट्रीयत्व कायदा. मूळ तरतुदीत वडील थाई असले की मूल कुठेही जन्मो, ते थाई ठरे. परदेशी जन्मलेल्या मुलाला आईकडून मात्र हा हक्क कायदेशीर वडील नसतील किंवा वडील राष्ट्रहीन असतील तरच मिळे. परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या थाई स्त्रियांवर हा सरळ अन्याय होता. १९९२ च्या दुरुस्तीने आई-वडिलांना समान मानले आणि हा नियम आधी जन्मलेल्यांनाही लागू केला. २००८ च्या दुरुस्तीने विवाहाची नोंद नसलेल्या थाई वडिलांच्या मुलांनाही वाट मोकळी झाली. मात्र पितृत्व ठरलेल्या नियमांनुसार सिद्ध करावे लागते आणि त्यात डीएनए चाचणीचा आधार घेतला जातो. अविवाहित थाई आईच्या मुलाला ही अट नाही.

अर्जासोबत स्थानिक जन्मदाखला, आईवडिलांचे पासपोर्ट, थाई पालकाचे ओळखपत्र व घरनोंदीची प्रत आणि असल्यास विवाहाचा दाखला लागतो. स्थानिक दाखल्याचे थाई भाषांतर आणि त्या देशाच्या परराष्ट्र खात्याचे साक्षांकनही बहुतेक ठिकाणी मागतात. खरी अडचण येते ती नावांची. लग्नानंतर आईने आडनाव बदलले, रुग्णालयाने नवे आडनाव लिहिले आणि थाई ओळखपत्रावर माहेरचेच राहिले, तर दोन कागदांवर दोन बायका दिसतात. मग आधी मायदेशी लग्नाची व आडनावाची नोंद दुरुस्त करणे आले. मुलाचे नावही थाई लिपीत एकदाच, विचार करून ठरवावे. थाई भाषेत ‘ग’चा उच्चार नाही, त्यामुळे ‘गौरी’सारखे नाव कसे लिहायचे हे पालकांनीच ठरवून सांगितलेले बरे, पुढची सगळी कागदपत्रे त्या अक्षरांवर चालतात. तारखांत बौद्ध संवत येतो, म्हणजे इसवी सनात ५४३ मिळवायचे: २०२४ चे २५६७.

सूतिबत मिळाल्यावर काम अर्धेच होते. मुलाचे नाव थायलंडमधील एखाद्या घराच्या नोंदवहीत, म्हणजे ‘ताबियन बान’मध्ये, चढवावे लागते. हे काम अम्फोच्या, म्हणजे आपल्याकडच्या तालुका कचेरीसारख्या कार्यालयात होते; बँकॉकमध्ये त्याला ‘खेत’ म्हणतात. त्या घराच्या नोंदीतील कुटुंबप्रमुखाची संमती लागते, म्हणून आजी-आजोबांचे घर बहुधा कामी येते. तेरा आकडी ओळख क्रमांक हा या व्यवस्थेचा कणा. सातव्या वर्षापासून ओळखपत्र सक्तीचे आहे. थायलंडमध्ये परकीयांना जमीन मालकीने घेणे जवळपास अशक्य असल्याने वारसाहक्काच्या दृष्टीने या नोंदीला मोठे मोल आहे.

हक्काबरोबर कर्तव्यही येते: मुलग्यांना सक्तीच्या लष्करी सेवेसाठी नोंद करावी लागते आणि एकविसाव्या वर्षी भरतीच्या निवडीला सामोरे जावे लागते. विसावे वर्ष पूर्ण झाल्यावर, परकीय वडिलांचे राष्ट्रीयत्वही असलेल्या मुलाला एका वर्षाच्या आत थाई राष्ट्रीयत्व सोडण्याची घोषणा करता येते.

भारतीय जोडीदार असलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट तपासावी. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा थाई पासपोर्ट काढण्यापूर्वी मुलाचे भारतीय नागरिकत्व व ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) हा दर्जा यांविषयी सल्ला घ्यावा. भारतात जन्मलेल्या मुलाची नोंद १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांत करायची असते. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या त्याच दाखल्यावर पुढची थाई नोंद उभी राहते. त्यात आईचे नाव तिच्या थाई पासपोर्टप्रमाणे अक्षरश: लिहून घ्यावे. थायलंडची वकिलात नवी दिल्लीत असून मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे वाणिज्य दूतावास आहेत.