केबल वेसाव्याच्या वाळूखाली, सर्व्हर मात्र परक्याच्या घरी

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. पण विषय आपल्या दारातला आहे.

वेसाव्याच्या किनाऱ्याला होड्या लागतात हे सगळ्या मुंबईला माहीत आहे. याच किनाऱ्याच्या वाळूखालून समुद्रातल्या इंटरनेट केबल देशात शिरतात, हे मात्र गावातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. खोल समुद्रात ही केबल बागेत पाणी घालायच्या पाइपाएवढी जाड असते. तिच्या पोटात केसासारखे काचेचे धागे. ट्रायच्या २०२३ च्या माहितीनुसार देशात अशा १७ आंतरराष्ट्रीय केबल होत्या आणि त्यांच्यासाठी किनाऱ्यावर १४ स्टेशनं होती. मुंबईला लागणाऱ्या केबलींपैकी बहुतेक आपल्या वर्सोव्याच्या पट्ट्यात येतात.

म्हणजे देशाचं इंटरनेट आपल्या पायाखालून जातं. आता उलटा प्रश्न. आपल्या गावाचा एक जुना फोटो, सोसायटीचा एक ठराव, स्थानिक पेपरची एक बातमी आपल्याच गावातल्या कॉम्प्युटरवर ठेवून जगाला दाखवता येते का? आज जवळपास कोणीच तसं करत नाही. सगळं परक्यांच्या कॉम्प्युटरवर. हे असंच असायला हवं होतं असं नाही. ते कसं घडलं, त्याचा इतिहास आपल्याच उपनगरांतून जातो.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते बघू. शब्द मोठा आहे, वस्तू साधी आहे. जो कॉम्प्युटर चोवीस तास चालू राहतो आणि मागेल त्याला फाइल देतो, तो सर्व्हर. जगातला पहिला वेब सर्व्हर स्वित्झर्लंडच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या ऑफिसातला रोजच्या कामाचा कॉम्प्युटर होता. त्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. कोणी सफाई करताना प्लग काढला असता तर त्या दिवशीचं अख्खं वर्ल्ड वाइड वेब बंद पडलं असतं. सुरुवात अशी घरगुती होती.

आपल्याकडची सुरुवातही तशीच. जुहूला एनसीएसटी नावाची सरकारी संशोधन संस्था होती. १९८५ साली ती टीआयएफआरमधून वेगळी झाली आणि २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. डॉ. एस. रमणी तिचे प्रमुख. अर्नेट या शैक्षणिक नेटवर्कच्या सुरुवातीला, १९८६-८७ च्या सुमारास, एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. पद्धत काय? एक कॉम्प्युटर दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायचा, तिकडची घ्यायचा आणि फोन ठेवायचा. यात मालक आणि गिऱ्हाईक असा भेद नव्हता. दोन्ही टोकांना बरोबरीची यंत्रं होती, दोघंही देणारे आणि दोघंही घेणारे. १९८९ मध्ये '.इन' हे भारताचं नाव याच एनसीएसटीकडे सोपवलं गेलं. देशातल्या वेबसाइटच्या नावांची वही कित्येक वर्षं जुहूला होती, आपल्या गावापासून रिक्षाच्या अंतरावर.

त्याच काळात हौशी लोकही कामाला लागले होते. बुलेटिन बोर्ड, म्हणजे बीबीएस, हा प्रकार आजच्या पोरांना सांगावा लागतो. एक कॉम्प्युटर, एक मोडेम, एक फोन लाइन. बाहेरच्याने आपल्या मोडेमवरून त्या नंबरला फोन लावायचा, संदेश वाचायचे, लिहायचे, फाइल उतरवून घ्यायची. लाइन एकच, म्हणून एका वेळी एकच पाहुणा, बाकीच्यांना एंगेज टोन. मुंबईत सुचित नंदा यांचं 'लाइव्ह वायर' आणि बंगळुरात अतुल चिटणीस यांचं 'सीआयएक्स' ही त्यातली गाजलेली नावं. असे अनेक बोर्ड फिडोनेटला जोडलेले असत. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज या अमेरिकन हौशी माणसाने सुरू केलेलं हे जाळं रात्री फोनचे दर कमी असताना यंत्रायंत्रांतून पत्रं पुढे ढकलायचं. इंटरनेट भारतात लोकांना मिळण्याआधीचा हा आपला घरचा सर्व्हर.

मग सरकारचं लक्ष गेलं. १९९४ च्या सुमारास दूरसंचार खात्याने ठरवलं की बीबीएस चालवायचा तर लायसन्स हवं, आणि त्याची वार्षिक फी लाखांच्या घरात. आधार कुठला? १८८५ चा टेलिग्राफ कायदा! कडकट्ट करणाऱ्या तारयंत्रासाठी इंग्रजांनी केलेला कायदा घरातल्या कॉम्प्युटरला लावला. खिशातले पैसे घालून, कुणाकडून दमडी न घेता बोर्ड चालवणाऱ्या माणसाने एवढी फी कुठून भरायची? विरोध झाला, लिहिलं गेलं. पण त्यातून एक गोष्ट कळली, ती आजही लागू आहे. माहिती घेणाऱ्याला कोणी अडवत नाही. माहिती देणाऱ्याला मात्र परवानगी विचारली जाते.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवात मोजक्या महानगरांत, त्यात मुंबई आघाडीवर. चित्रं दिसणारं कनेक्शन २५० तासांना १५,००० रुपये, फक्त अक्षरं दिसणारं ५,००० रुपये. वेग ९.६ केबीपीएस. आज मोबाइलवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटो उतरायला त्या वेगाने काही मिनिटं लागतील. या भावात घरून वेबसाइट चालवायचा विचारही कोण करणार? लाइन जोडली की मीटर पडायचा. घेणारा ग्राहक आणि देणारी कंपनी ही विभागणी इथे पक्की झाली. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, भाव उतरले, सायबर कॅफे आले, पण विभागणी तीच राहिली.

हौशी मंडळी तरी गप्प बसली नव्हती. 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळायची. लॅमिंग्टन रोडवरून जुना कॉम्प्युटर, वापरलेली हार्ड डिस्क आणायची, लिनक्स टाकायचं, त्यावर अपाची हा फुकटचा वेब सर्व्हर चढवायचा. २००५ मध्ये एमटीएनएलचं ट्रायबँड आलं आणि पहिल्यांदाच लाइन चोवीस तास चालू राहू लागली. तिचा इंटरनेटवरचा पत्ता मधूनमधून बदलायचा, पण त्यावरही तोड होती. बदललेला पत्ता आपोआप कळवणाऱ्या फुकट सेवा होत्या. त्या काळात थोड्या खटपटीने घरच्या कपाटावरच्या डब्यातून वेबसाइट चालवता येत होती. हळू चालायची, पण चालायची. हळू का? कारण ती लाइनच एकतर्फी बांधलेली होती. खाली यायला रुंद रस्ता, वर जायला पायवाट.

ही पायवाटही पुढे बुजली. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मुख्य कोठारातले पत्ते संपले. मग कंपन्यांनी शेकडो घरांना मिळून एकच पत्ता द्यायला सुरुवात केली. समजा एका मोठ्या सोसायटीचा पत्ता फक्त 'अमुक नगर, अंधेरी पश्चिम' एवढाच आहे, फ्लॅट नंबर कोणालाच नाही. तुम्ही पाठवलेल्या पत्राचं उत्तर वॉचमन आठवणीने आणून देतो, कारण पत्र तुम्ही टाकलंय हे त्याने पाहिलेलं असतं. पण बाहेरच्याने आपणहून तुम्हाला पत्र टाकलं तर ते गेटवरूनच परत. आज बहुतेक घरांतलं इंटरनेट असंच आहे. फायबर घरात आला, वेग शेकडो पट वाढला, आणि बाहेरच्याला आपलं दार मात्र सापडेनासं झालं. त्यातून अनेक कंपन्यांच्या करारात घरी सर्व्हर चालवू नये असं कलम असतं. ते कोणी वाचत नाही.

बरं, परक्याच्या घरी सामान ठेवलं तर बिघडलं काय? हिशोब बघा. जिओसिटीज हे एकेकाळी घरगुती वेबसाइटींचं सर्वांत मोठं फुकट गाव होतं. याहूने ते ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, आपल्या पिढीच्या गप्पा, फोटो, गावांचे ग्रुप घेऊन. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. दरवेळी एक सूचना आली, काही महिन्यांची मुदत मिळाली. ज्यांनी सूचना वाचली त्यांनी सामान हलवलं. ज्यांचे आई-बाप फोटो टाकून देवाघरी गेले होते, त्यांचं कोण हलवणार?

आम्हा स्थानिक पत्रकारांचा अनुभव तर आणखी कडू. मी ज्या साप्ताहिकात होतो त्याची वेबसाइट एका छोट्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर होती. कंपनीने एक दिवस गाशा गुंडाळला, फोन बंद. नाल्याच्या कामाच्या, मासळी बाजाराच्या, शाळा वाचवण्याच्या लढ्याच्या बातम्या एका रात्रीत गेल्या. छापील अंक काही वाचनालयांत सापडतात, तेही वाळवीने आधी वाचले नसतील तर.

आणि फाइल वाचली तरी मजकूर वाचता येईल असं नाही. युनिकोड रुळायच्या आधी मराठी पेपर आणि टायपिंगवाले आपापले फॉन्ट वापरायचे. आज ती फाइल उघडली की देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. म्हणजे जपायचं तर प्रत हवी, आणि ती युनिकोडमध्ये बदलून घेतलेलीही हवी.

टिकलेलं उदाहरणही आहे. अमेरिकेत अजय गल्लेवाले यांनी १९९६ च्या गणेश चतुर्थीला 'मायबोली' सुरू केली. मोठमोठ्या कंपन्यांच्या सेवा आल्या आणि गेल्या, मायबोली अजून आहे. मला यातून दिसतं ते असं: नाव आणि पत्ता स्वतःचा होता. खालची यंत्रं बदलता येतात, घर हलवता येतं, पण दारावरची पाटी आपली हवी. फुकटच्या सेवेत पाटीही दुसऱ्याची असते.

आता आजचं बोलू, कारण परिस्थिती पुन्हा पालटली आहे. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर ३५ डॉलरला आला. असा बोर्ड साधारण ५ वॅट वीज खातो. महिनाभर अखंड चालू ठेवला तर साडेतीन-पावणेचार युनिट. जुना डेस्कटॉप ६० वॅटने चालवला तर तेच ४३ युनिट होतात. गावातल्या हजारेक फोटोंना, सोसायटीच्या इतिवृत्तांना, जुन्या अंकांच्या स्कॅनना हा बोर्ड आणि एक हार्ड डिस्क पुरून उरते. वेबसाइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र पूर्वी विकत घ्यावं लागायचं, लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरपासून ते फुकट देते. पत्त्यांचा तुटवडाही नव्या आयपीव्ही६ पद्धतीने संपवलाय, आणि ती वापरण्यात भारत जगात पुढच्या देशांत आहे. म्हणजे घराला फ्लॅट नंबर परत मिळू शकतो. आपली कंपनी बाहेरून येणाऱ्याला आत सोडते का, एवढं विचारून घ्यायचं. नसेल सोडत तर बाहेर एक छोटी भाड्याची जागा घेऊन तिथून घरापर्यंत आडवाट काढता येते. २०१४ पासून '.भारत' हे नाव देवनागरीतही मिळतं.

अडचणी लपवत नाही. आपल्याकडची खारी हवा बोर्डाचे सांधे खाते. सर्व्हर उघडा ठेवला की जगभरचे चोर कडी हलवून बघतात, सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करावंच लागतं. हार्ड डिस्क मरतेच, प्रश्न फक्त कधी एवढाच. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे हे काम एका हौशी माणसावर अवलंबून असणं. तो परगावी गेला, आजारी पडला, की सगळं ठप्प. घरच्या सर्व्हरचा इतिहास अशा बंद पडलेल्या डब्यांनी भरलेला आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की हे घराघराने करायचं काम नव्हे, संस्थेने करायचं आहे. वाचनालय, मच्छीमार सोसायटी, शाळेचा माजी विद्यार्थी संघ, कोणीही. पत्ता संस्थेच्या नावावर, पासवर्ड किमान तिघांकडे, दरवर्षीची फी वार्षिक सभेच्या ताळेबंदात. कोळीवाड्याच्या हद्दीचा वाद, सागरी सेतूबद्दलच्या हरकती, किनारपट्टी नियमांचे जुने नकाशे, या सगळ्यात उद्या कागद लागणार आहे. सरकारी वेबसाइट नव्याने बांधल्या की जुन्या फाइलींच्या लिंक मरतात, हे आपण पाहिलंय. ज्याच्याकडे प्रत, त्याचंच म्हणणं टिकतं.

आपल्या भागातल्या कोणा वाचनालयाला किंवा सोसायटीला यात रस असेल तर कमेंटमध्ये सांगा. लिनक्स जाणणारी पोरं इथे कमी नाहीत, गाठ घालून देण्याचं काम माझं. आणि ज्यांच्या पेटीत वेसाव्याचे जुने फोटो, जुने अंक, जुन्या नोटिसा आहेत त्यांनी या रविवारी निदान स्कॅन तरी करून घ्या. पावसाळा कोणासाठी थांबत नाही.