जाणिवेची उत्स्फूर्तता

अस्तित्ववादी रूपविवेचनवादातील एक संकल्पना. जाणिवेची प्रत्येक कृती आपणहून उद्भवते. स्वभाव, पूर्वीची मनःस्थिती किंवा आत दडलेला ‘मी’ तिचे कारण नसतो, असा तिचा आशय. ज्याँ-पॉल सार्त्र (१९०५–८०) याने ती मांडली.

१९३३-३४ मध्ये सार्त्र बर्लिनमध्ये रूपविवेचनवादाचा प्रवर्तक हुसेर्ल याच्या विचारांचा अभ्यास करत होता. जाणीव नेहमी कशाची तरी जाणीव असते, हे हुसेर्लचे सूत्र त्याला पटले. सर्व अनुभवांना एकत्र बांधणारा शुद्ध अहम् मात्र पटला नाही. ‘अहम्‌ची अतीतता’ (१९३६-३७) या निबंधात तो म्हणतो की, ट्राममागे धावणाऱ्याच्या जाणिवेत पकडायची ट्राम तेवढी असते, ‘मी’ नसतो. मागे वळून स्वतःकडे पाहिले की ‘मी’ दिसू लागतो, तोही जगातल्या इतर वस्तूंसारखी एक वस्तू म्हणून.

याच निबंधात मानसोपचारतज्ज्ञ प्येर झाने याच्या एका नवविवाहित रुग्णाचा दाखला आहे. नवरा घराबाहेर पडला की आपण खिडकीत बसून वेश्येप्रमाणे येणाऱ्याजाणाऱ्यांना हाका मारू, या धास्तीने ती पछाडली होती. तिच्या संस्कारांत वा पूर्वायुष्यात याला आधार नव्हता. सार्त्रच्या मते असे करण्यापासून आपल्याला रोखणारे काहीच नाही, हे तिला उमगले होते. तिला भोवळ आली ती या शक्यतेची. या उत्स्फूर्ततेपुढे इच्छाशक्तीही हतबल ठरते, कारण इच्छा ही तिचीच निर्मिती. म्हणून येथे सार्त्र या उत्स्फूर्ततेला स्वातंत्र्याच्या पलीकडची मानतो. पुढचा वाद समजण्यासाठी हा तपशील कळीचा आहे, तरी तो बहुधा नजरेआड होतो.

‘सत् आणि शून्यता’ (१९४३) या ग्रंथात तीच उत्स्फूर्तता स्वातंत्र्य या नावाने येते. जुगार सोडण्याचा काल मनापासून केलेला निश्चय आज पटासमोर निष्प्रभ ठरतो. जुगाऱ्याला तो नव्याने करावा लागतो. यातला उद्वेग टाळण्यासाठी माणूस आत्मवंचना करतो. पण जी उत्स्फूर्तता कोणाचीच नव्हती, तिची जबाबदारी आता माणसावर कशी येते? ‘मूलभूत प्रकल्पा’ची, म्हणजे माणसाच्या सर्व कृतींना दिशा देणाऱ्या त्याच्या मूळ निवडीची, कल्पना मांडूनही सार्त्रला ही फट पुरती बुजवता आलेली नाही.

मोरिस मेर्लो-पाँतीने १९४५ मध्ये नेमके येथे बोट ठेवले. प्रत्येक कृती सारखीच स्वतंत्र असेल, तर स्वतंत्र कृती म्हणून वेगळे काही उरतच नाही. वीस वर्षे न्यूनगंडात काढलेला माणूस उद्या बदलेलही, पण तसा संभव कमी. देह, सवयी आणि परिस्थिती यांचे वजन असते. सिमोन द बोव्हारने १९४७ मध्ये वेगळा मार्ग काढला: उत्स्फूर्तता उपजत असते, नैतिक स्वातंत्र्य मात्र जाणूनबुजून पत्करावे लागते, आणि दडपशाही त्याची वाट अडवू शकते. पुढे ‘द्वंद्वात्मक विवेकाची चिकित्सा’ (१९६०) या ग्रंथात स्वतः सार्त्रनेही टंचाई आणि सामाजिक रचना यांचा स्वातंत्र्यावर पडणारा दाब मान्य केला.